स्टिअरिंगवरचं बोट

मूंटा
९ जून १९९१

लाडक्या एनिड आत्या,

उभी असशील तर आधी बस. चहाचा कप हातात असेल तर तोही खाली ठेव.

मी लग्न करतेय. छत्तिसाव्या वर्षी! हसून घे पोटभर, मग पुढे वाच. मुलगा म्हणजे कॉलिन ट्रेझाइस. मुलगा कसला, चांगला चाळिशीचा बाप्या आहे, बंदरावर बोटी दुरुस्त करतो. तू त्याला पाहिलंयस. नाताळात आम्ही दोघं मर्व्हच्या टपाल-ट्रकमधून तुझ्याकडे आलो होतो, आणि तुझ्या कुत्र्यानं त्याचा एक बूट पळवला होता. तो बूट अजून मिळालेला नाही, पण माणूस तरीही तुला भली म्हणतो. म्हणजे बघ किती गुणी आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर, दुपारी दोन वाजता, टेकडीवरच्या चॅपलमध्ये. आता मुद्द्याचं. बाबा असते तर माझा हात धरून त्यांनी मला वेदीपर्यंत नेलं असतं. बाबा नाहीत. नवव्या वर्षापासून मला जिनं वाढवलं, परवचा म्हणायला आणि पंक्चर काढायला शिकवलं, तिनंच मला न्यावं असं मला वाटतं. नाही म्हणू नकोस. चॅपलच्या पाद्रीबाबांना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

येण्याचं मी ठरवून टाकलंय. सोबतचा कागद बघ. मंगळवारी मर्व्हच्या ट्रकनं लिंडहर्स्टपर्यंत, तिथून बसनं. सहाशे किलोमीटर तू एकटीनं गाडी हाकायची नाहीस. रेडिओवरच्या फोनवर बोलायचं तर सगळा मुलूख कान लावून बसतो, म्हणून लिहितेय.

तुझी,
ब्रॉन

•

फिडलर्स वेल
२१ जून १९९१

मास्तरीणबाई,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग कुत्र्याला वाचून दाखवलं. त्याला बुटाबद्दल काडीचाही पश्चात्ताप नाही.

येणार. तुझा हात धरून नेणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हे गावभर सांगत सुटलीस तर तुझी खैर नाही.

आता तुझ्या त्या कागदाबद्दल. चौकटी आखून, लाल शाईनं वेळा लिहून, नकाशा चिकटवून तू मला जो प्रवास पाठवलायस, तो मी चुलीत घातला. चौदाव्या वर्षापासून गाडी चालवतेय मी. एकोणसाठ वर्षं झाली! ह्या रस्त्यावर डांबर काय, पाटीसुद्धा नव्हती तेव्हापासून. आणि मी मर्व्हच्या ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांना टेकून पार्सलासारखी येऊ? माझ्या पोरीच्या लग्नाला? मी माझ्या पिकअपमधून येणार, चॅपलच्या दारात थांबवणार, आणि मूंटाच्या लोकांना बघू दे किती धूळ आहे तिच्यावर.

तसंही मर्व्हचं आणि माझं सध्या बरं नाही. त्याचंच कशाला, इथं कुणाचंच माझ्याशी बरं नाही. तुला माहितीये ना आपल्याकडची रीत? समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, एवढंच. आठवडा आठवडा माणसाचं तोंड दिसत नाही, त्यात ते एक बोट म्हणजे 'कसं काय, बरंय ना' सगळं आलं. परक्यालाही करतात. वैऱ्यालाही करतात. तर गेले तीन-चार महिने मला कुणी बोट उचलून दाखवत नाही. मर्व्ह नाही, शेजारची ग्वेंडा नाही, रस्ता सपाट करणारी माणसं नाहीत. गाडी धुरळा उडवत बाजूनं निघून जाते, जणू मी रस्त्यातला दगड आहे.

कारण मला ठाऊक आहे. मार्चमधल्या घोड्यांच्या शर्यतीत मला स्कोन-पाव भाजायच्या स्पर्धेचं परीक्षक केलं होतं. मी पहिलं बक्षीस रस्त्यावरच्या कामगारांच्या स्वयंपाक्याला दिलं, आणि ग्वेंडाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे त्याचे स्कोन वरून काळे ठिक्कर पडले होते. पडले असतील! मी तोंडानं खाते. आतून कापसासारखे मऊ होते. पण ग्वेंडा म्हणजे इथली राणी, तिनं सगळ्यांना फितवलंय.

जाऊ दे. कॉलिनला सांग, दुसरा बूटही घेऊन ये, जोडी पुरी करू.

तुझी आत्या,
एनिड

•

मूंटा
३० जून १९९१

लाडक्या आत्या,

चुलीत घातलास? त्या कागदाला माझे दोन रविवार गेले होते!

बरं. गाडीनंच येणार म्हणतेस तर निदान ऐकून घे. सूर्य वर आल्यावर निघायचं आणि मावळायच्या दोन तास आधी थांबायचं. कांगारू आणि गुरं कधी रस्त्यावर येतात ते मी तुला सांगायला नको. दर दोन तासांनी गाडीतून उतरून पाय मोकळे करायचे. वीस लिटर पाणी, दोन जादा चाकं. मातीच्या रस्त्यावर चाकांतली हवा थोडी कमी कर. तीन डब्यांचा तो लांबडा ट्रक पुढे असेल तर त्याच्या धुरळ्यात घुसून पुढे जायचा प्रयत्न करायचा नाही, मागे राहायचं, दिवे लावून. पहिल्या रात्री हॉकरला मुक्काम. निघताना कुणाला तरी सांगून निघायचं, किती वाजता पोचणार ते. आणि गाडी बंद पडलीच तर गाडीजवळच बसून राहायचं.

हो, हो, माहितीये. हे सगळं तूच मला शिकवलंयस. उंटावरून शेळ्या हाकतेय असं म्हणशील. पण आत्या, मी भित्री झालेय. बहात्तर साली रस्त्यातल्या तिसऱ्या लोखंडी जाळीपाशी एमू पक्षी आडवा आला आणि मी, सतरा वर्षांची शहाणी, स्टिअरिंग गर्रकन वळवलं. तू शेजारी बसून ओरडत होतीस, "सरळ! सरळ ब्रेक दाब!" पिकअप दोनदा उलटली. मला खरचटलंही नाही. तुझं कंबरेचं हाड मोडलं ते कायमचं. तू एका शब्दानं बोलली नाहीस. त्या दिवसापासून मी मातीच्या रस्त्यावर गाडी चालवलेली नाही. एकोणीस वर्षं तुझ्याकडे येते ते मर्व्हच्या ट्रकमधून, बटाट्यांना टेकून. म्हणून दुसऱ्यांना नियम शिकवते.

कॉलिन म्हणतो, तो येऊन तुला घेऊन येईल. तू ऐकणार नाहीस, पण त्याला लिंडहर्स्टपासून तुझ्या घरापर्यंतचा रस्ता लिहून पाठव ना. त्याच्या मनाला बरं वाटेल.

आणि बोटाचं काय ते मला समजलं नाही. स्कोनवरून कुणी चार महिने रुसतं का? तेही मर्व्ह? मर्व्हला तर स्कोन आवडतही नाहीत.

तुझ्या अक्षराला काय झालंय? एका पानावर आठ ओळी, आणि त्याही उतरणीला लागलेल्या.

तुझी,
ब्रॉन

•

फिडलर्स वेल
१२ जुलै १९९१

ब्रॉन,

अक्षराला काही झालेलं नाही. पेन नवं आहे, दांडगट आहे.

त्या कंबरेबद्दल पुन्हा लिहिलंस तर मी लग्नाला येऊन पहिल्या रांगेत झोपा काढीन. हाड होतं, मोडलं, जुळलं. थंडीत कुरकुरतं, मग मी त्याला शिव्या घालते, तेवढीच सोबत.

कॉलिनसाठी रस्ता. लिंडहर्स्टला डांबर संपतं, ते बुडाखाली कळेलच. मग बराच वेळ रस्त्यावर वळ्या, दात वाजतात. साधारण अर्ध्या तासानं पहिली जाळी, गुरं अडवायची लोखंडी. ती सैल आहे, दोनदा वाजते, खड-खडाड. मग आवाज एकदम दबतो, चाकं सू-सू करतात, म्हणजे वाळूचा ओढा आला. तिथं थांबू नये, रुतेल. ओढ्यानंतर खडी, बुडाला टणटण खडे लागतात. दुसरी जाळी घट्ट बसवलेली, नुसती गुरगुरते. तिच्यानंतर लगेच उजवीकडे वळायचं, उन्हाची ऊब डाव्या गालावरून मानेवर गेली की वळण बरोबर. मग तिसरी जाळी, तिचा आवाज घरापर्यंत येतो, कुत्रा भुंकायला लागतो. भुंकण्याच्या दिशेनं यावं.

पाहिलंस? ह्याच्यापुढे तुझा नकाशा म्हणजे रद्दी.

तुझे नियमही पाळतेय, उगाच बोंब मारू नकोस. पहाटे-संध्याकाळी गाडी काढतच नाही. दुपारी बाराला निघते, ऊन डोक्यावर असताना, दोनच्या आत घरी. सावकाश जाते. परवा फाटकाचा खांब गाडीला घासला. कुणी तरी हलवलाय तो खांब, तीस वर्षं एका जागी होता.

बोटाचं म्हणशील तर आता मीही उचलत नाही. ह्या मंगळवारी मर्व्हचा ट्रक समोरून आला, आवाजावरून लांबूनच ओळखला. मी मान ताठ ठेवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. त्यानंही काही केलं नसणार. नंतर टपाल द्यायला आला तेव्हा मान खाली घालून उभा, "एनिड, माझं काही चुकलं का?" म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा! मी टपाल घेतलं आणि दार लावलं.

ब्रॉन, तुला म्हणून सांगते, लागतं गं मनाला. नवरा गेला तेव्हा ह्याच लोकांनी माझ्या गुरांना पाणी पाजलं होतं. एका स्कोनपायी.

तुझी आत्या

•

मूंटा
२४ जुलै १९९१

लाडक्या आत्या,

हे पत्र मी शाळेतल्या फलकांच्या जाड काळ्या पेनानं लिहितेय. एकेक अक्षर बोटाएवढं. अकरा कागद लागतील, लागू देत. का, ते तू समजशील.

तू पाठवलेला रस्ता मी कॉलिनला वाचून दाखवला. तो म्हणाला, "वा, काय छान लिहिलंय." आणि मी आत जाऊन रडले. लहानपणी हाच रस्ता तू मला शिकवलास तेव्हा त्यात वाकडी पवनचक्की होती. पांढऱ्या रंगाचा ड्रम होता. दोन खोडांचं झाड होतं, त्याच्यावर गरुडाचं घरटं होतं. तुझ्या ह्या पत्रात डोळ्यांना दिसणारी एक वस्तू नाही, आत्या. नुसते आवाज. आणि गालावरचं ऊन.

मग मी ग्वेंडाला फोन केला. मुलूख ऐकत होता, ऐकू दे. ग्वेंडा काय म्हणाली सांगू? म्हणाली, "ब्रॉन, बरं झालं तू विचारलंस. तुझी आत्या आमच्यावर का चिडलीये? मी बोट उचलते, ती उचलत नाही. मर्व्ह उचलतो, परवा तर बिचाऱ्यानं अख्खा हात बाहेर काढून हलवला. ती सरळ बघत निघून जाते. आम्ही तिचं काय केलंय?" स्कोनचं तर ती विसरूनही गेलीये. फक्त हसून म्हणाली, ते कोळसे होते, एनिडला कसे दिसले नाहीत देव जाणे.

आत्या, ते उचलताहेत. चारही महिने उचलताहेत. तुला दिसत नाहीये.

लिहिलं एकदाचं. तू मला गाडी शिकवलीस, गाडीबद्दल मी तुला हे सांगावं ह्यासारखं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. समोरून मर्व्ह येतो म्हणून ठीक. एखाद दिवशी ग्वेंडाची नातवंडं चाकात अडकलेली काठी काढायला रस्त्यात वाकलेली असतील. त्यांचा आवाज येणार नाही.

तू पिकअपची किल्ली खिळ्याला लावून ठेव. माझ्यासाठी. माझ्यावर हवं तेवढं चीड, पण किल्ली खिळ्याला.

तुझीच,
ब्रॉन

•

मूंटा
१३ ऑगस्ट १९९१

आत्या,

दोन मंगळवारचं टपाल येऊन गेलं, तुझं अक्षर नाही. मर्व्ह म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं. तो म्हणतो, पिकअप शेडमध्येच आहे, चाकांपाशी कोळ्यानं जाळं विणलंय. एवढ्यावर मी झोपते.

पोशाख शिवून आलाय. कोरी चिठ्ठी पाठवलीस तरी चालेल.

ब्रॉन

•

फिडलर्स वेल
२० ऑगस्ट १९९१

ब्रॉन,

तुझं पत्र मी भिंगाशिवाय वाचलं. वर्षभरात पहिल्यांदा. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

पहिले आठ दिवस मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले की कुत्रा शेडमध्ये जाऊन झोपायला लागला. काल पोर माझ्या मांडीवर बसून क्लच शिकत होती आणि आज मला अक्कल शिकवते! मग एके दुपारी किल्ली घेतली, म्हटलं ग्वेंडाकडे जाते आणि तोंडावर विचारते. पिकअपमध्ये बसले. रस्त्यात मधोमध काही तरी होतं. वासरू होतं, की पोतं, की सावली. मी पाहत बसले. कडेनं पाहिलं तर थोडं दिसायचं, सरळ पाहिलं की जायचं. पंधरा मिनिटं बसले. शेवटी ते उठलं आणि कान हलवत चालू लागलं. कुत्रा होता, ब्रॉन. माझाच कुत्रा. घराच्या फाटकात.

किल्ली खिळ्याला आहे.

मला दिसत नाही. मधोमध एक डाग आहे, धुरकट, जिथं बघावं तिथं पुढे येऊन बसतो. कडा दिसतात. आभाळ दिसतं, डोंगराची रेघ दिसते. माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. दोन वर्षं झाली. गाडीचा परवाना दरसाल नवा करायला डॉक्टर डोळे तपासतो, त्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे. खालून तिसरी ओळ तर उलटीही म्हणून दाखवते. तो बिचारा म्हणायचा, "एनिड, तुमची नजर म्हणजे ससाण्याची." मी त्याच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि स्वतःवर खूश झाले. त्या ग्वेंडाच्या नातवंडांचं तू लिहिलंस ना, ते वाचल्यापासून जेवण जात नाही.

पण तू समजून घे. इथं गाडी गेली म्हणजे पाय गेले. दुकान बासष्ट किलोमीटर. मी माझ्या जिवावर आले, माझ्या जिवावर गेले, हेच माझं आयुष्य. आता कुणी तरी येईल तेव्हा जायचं, आणि कुणी आणेल तेव्हा यायचं.

लग्नाला मी येत नाही. तुझा हात धरून नेणारी बाई स्वतःच ठेचकाळली तर मूंटाची माणसं काय म्हणतील? कॉलिनच्या काकाला सांग. चर्चमध्ये मला कुणाचाही चेहरा दिसणार नाही. तुझाही नाही.

तेवढं मात्र मला सहन होत नाही, म्हणून इथंच थांबते.

आत्या

•

मूंटा
२८ ऑगस्ट १९९१

आत्या,

कॉलिनच्या काकाला मी काही सांगणार नाही. त्याला दारूचा वास येतो आणि तो माझा कुणी नाही.

मी येतेय. मी स्वतः, गाडी घेऊन. मर्व्ह नाही, कॉलिन नाही. कॉलिनला बोटींची कामं आहेत, आणि मी त्याला येऊ देणारही नाही, कारण तो शेजारी बसला की मी त्याला स्टिअरिंग देऊन मोकळी होईन.

शनिवारी, सात तारखेला, सकाळी आठ वाजता निघणार. हॉकरला मुक्काम, खोली सांगितलीये. रविवारी सकाळी आठ वाजता पुन्हा निघणार. लिंडहर्स्टच्या पंपावर पाणी, चाकं, हवा तपासणार आणि तिथल्या माणसाला सांगणार की मी फिडलर्स वेलला चाललेय. दुपारी एकपर्यंत मी तुझ्या व्हरांड्यात असेन. तीनपर्यंत नसले तर ग्वेंडाला रेडिओवरून कळव, तिचा मुलगा रस्ता धरून निघेल, तिच्याशी बोलणं झालंय. मी कुठंही अडकले तरी गाडीजवळच सापडेन.

डॅशबोर्डवर तुझं पत्र चिकटवणार. खड-खडाड, सू-सू, टणटण, गुरगुर. माझा नकाशा मी घरी ठेवतेय, बघ.

मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? तिसरी जाळी आठवली की तळहाताला घाम येतो. पण तुला घेतल्याशिवाय मी त्या चॅपलमध्ये पाऊल टाकणार नाही. मग पाद्रीबाबा आहेत, पाहुणे आहेत आणि खिम्याच्या शंभर पास्टी आहेत, त्यांनी आपसात काय ते बघून घ्यावं.

माझा चेहरा तुला दिसणार नाही म्हणतेस. तू तो नवव्या वर्षापासून पाठ केलायस. त्या तक्त्यापेक्षा बराच आधी.

बॅग भरून ठेव.

ब्रॉन

•

फिडलर्स वेल
६ ऑक्टोबर १९९१

माझ्या ब्रॉन,

मर्व्हनं मला आणून पोचवलं. बटाट्यांना टेकून आले. वाईट नसतं गं ते, झोप छान लागते.

तुझं जाड पेन मी तुझ्या शाळेच्या पिशवीतून पळवलंय, त्यानंच लिहितेय. कुत्र्याची संगत लागली म्हण.

आता एक सांगायचं राहिलं होतं. तू आलीस त्या रविवारी मी अकरापासून व्हरांड्यात बसले होते. वारा पडला होता. साडेबाराला लांबून इंजिन ऐकू आलं, मग तिसरी जाळी वाजली. आणि इंजिन बंद झालं. कुत्रा भुंकायचा थांबला. बहात्तर साली तिथंच, त्याच जागी. मी काठी घेऊन पायऱ्या उतरले, फाटकापर्यंत गेले, आणि तिथंच थांबले, कारण तूच लिहिलं होतंस, कुठंही अडकले तरी गाडीजवळच सापडेन. मग ऐकू आलं, तू रडत होतीस. मोठ्यानं, लहानपणी रडायचीस तशी. मी हाक मारली नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हाही रडताना कुणी पाहिलेलं तुला चालायचं नाही. पुष्कळ वेळानं इंजिन पुन्हा सुरू झालं. तू अंगणात येऊन उतरलीस आणि म्हणालीस, "वाटेत खूप धूळ होती." मी म्हटलं, "असेल." तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आता मात्र सांगते, आयुष्यात ऐकलेला सगळ्यात गोड आवाज तो, ते इंजिन दुसऱ्यांदा सुरू झालेलं.

परतीच्या वाटेवर ओढ्यापलीकडे एमू आला, तेव्हा मला काही दिसलं नाही. फक्त तू "सरळ, सरळ" असं स्वतःशी पुटपुटलेलं ऐकलं आणि गाडी इकडेतिकडे न वळता थांबली. माझं कंबरेचं हाडसुद्धा गप्प बसलं.

आणि मग मर्व्हचा ट्रक. तू म्हणालीस, "आत्या, आला." मी बोट उचललं. मला धुरळ्याशिवाय काही दिसलं नाही. तू म्हणालीस, "आत्या, त्यानं दोन्ही हात सोडलेत स्टिअरिंगवरून! वेडा झालाय!" त्याच्या मागून ग्वेंडा. "आली." मी उचललं. लिंडहर्स्टपर्यंत अकरा गाड्या. अकरा वेळा तू सांगितलंस, अकरा वेळा मी उचललं. चार महिन्यांची उधारी एका सकाळी फिटली.

चॅपलमधल्या प्रकाराबद्दल मी माफी मागणार नाही. चूक तुझीच. त्या बाकांमधून चालताना तू माझ्या कानात कुजबुजायला लागलीस, "डावीकडे मिसेस पेनरोझ. उजवीकडे कॉलिनची आई." सवयीनं माझं बोट उठलं. डावीकडे एक, उजवीकडे एक. मूंटाच्या लोकांना वाटलं म्हातारी बाकांची मोजदाद करतेय. पण मागे बसलेल्या ग्वेंडाला कळलं, आणि ती जी हसायला लागली! मग मर्व्ह हसला, मग कॉलिन, मग पाद्रीबाबा. तुझं लग्न हसत हसत लागलं, ह्याचं श्रेय मला. वेदीपाशी मी तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला ना, तेव्हा गाल ओले होते. मला दिसत नव्हतं म्हणून कोण म्हणतं!

इथली व्यवस्था ऐक. दुकानाचं सामान मर्व्ह आणतो. शुक्रवारी ग्वेंडा मला घेऊन जाते, वाटेत तिच्या स्कोनची तारीफ करावी लागते. पिकअप तिच्या मुलाला वापरायला दिली. ज्या दिवशी तो घेऊन गेला, त्या दिवशी मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिचा आवाज दुसऱ्या जाळीपर्यंत ऐकला, पुढचा ऐकवला नाही. ते दुःख आहे, ते राहणार, त्याच्यावर औषध नाही. डोळ्यांवरही नाही असं पोर्ट ऑगस्टाचा डॉक्टर म्हणाला. त्याच्या तक्त्यावरची अक्षरं वेगळी होती, लबाड मेला.

पण तुला गंमत सांगायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. मी आता दुपारी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसते. रस्त्यावरून गाडी जाते तेव्हा आता नुसती जात नाही. भोंगा वाजवते. मर्व्ह दोनदा, ग्वेंडा एकदा पण लांबलचक, रस्त्याची माणसं त्यांच्या त्या अगडबंब यंत्रावरून असा काही वाजवतात की कुत्रा खुर्चीखाली शिरतो. कुणी ठरवलं, कुणाला विचारलं तर सांगत नाहीत. ह्या मुलुखात भोंगा फक्त गुरांसाठी वाजवतात, माणसासाठी बोट. आता गुरांसाठी आणि माझ्यासाठी. मी गुरांत मोडते म्हणून तक्रार केली, तर मर्व्ह म्हणाला, "एनिड, आम्ही बोटही उचलतोच. भोंगा फक्त तुला कळावं म्हणून."

ईस्टरला तुम्ही दोघं या. गाडी तूच चालव, कॉलिनला शेजारी बसव, आणि तो घाबरला तर त्याला माझं पत्र वाचायला दे. सूर्य वर आल्यावर निघा, हॉकरला मुक्काम करा, पंपावर सांगून या. दुसऱ्या जाळीनंतर उजवीकडे. तिसऱ्या जाळीवर थांबू नकोस ह्या खेपेला, पण भोंगा वाजव.

मी बोट वर करून बसलेली असेन.

तुझी आत्या,
एनिड